करबचत आता एचआरच्या मर्जीवर

जानेवारी लागला की हिंजवडीपासून पवईपर्यंतच्या कचेऱ्यांत एक मेल फिरतो. गुंतवणुकीचे पुरावे अमुक तारखेपर्यंत पोर्टलवर चढवा, नाहीतर उरलेल्या महिन्यांच्या पगारातून कर कापला जाईल. मग कँटीनमध्ये दरवर्षीचेच संवाद सुरू होतात. ‘भाडेपावत्यांवर सही कुणाची घेतलीस?’ ‘पॉलिसी करून देणारं कुणी आहे का ओळखीचं?’ विमा एजंट, बँकेतले रिलेशनशिप मॅनेजर आणि सोसायटीतले सीए, सगळ्यांचा हंगाम हाच. वर्षाला तीस-चाळीस लाख मिळवणारी, एरवी मोबाइल घेताना दहा रिव्ह्यू वाचणारी माणसे या दिवसांत समोर येईल त्या कागदावर सही करतात.

गंमत अशी, की यांतल्या अनेकांना त्या पॉलिसीचा कराच्या दृष्टीने काडीचाही उपयोग नसतो. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नवी करप्रणाली हीच मूळ प्रणाली झाली आहे. जुनी हवी असे कर्मचाऱ्याने कळवले नाही, तर कंपनी नव्या दराने टीडीएस कापते. नव्या प्रणालीत ८० सीची दीड लाखाची वजावट नाही, आरोग्य विम्याची नाही, घरभाडे भत्त्याची सूट नाही आणि राहत्या घराच्या कर्जावरच्या व्याजाचीही नाही. तरीही दीड लाखाचा हप्ता भरून ‘टॅक्स वाचवला’ या समाधानात घरी जाणारे आहेतच. त्यांचा एक रुपयाही वाचलेला नसतो. साधारण पाच-सहा टक्के परताव्यावर पंधरा-वीस वर्षे पैसे अडकवायचा करार मात्र झालेला असतो.

तेव्हा आकडेमोड एकदा नीट करून टाकावी. २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत पहिल्या ४ लाखांवर कर नाही. त्यापुढे दर ४ लाखांच्या टप्प्याला ५, १०, १५, २०, २५ टक्के आणि २४ लाखांच्या वर ३० टक्के. नोकरदाराला प्रमाणित वजावट ७५ हजारांची. जुन्या प्रणालीत १० लाखांच्या वर गेले की थेट ३० टक्के लागतात आणि प्रमाणित वजावट ५० हजारांचीच आहे. ही दोन कोष्टके शेजारी ठेवली, की २५ लाखांच्या वर पगार असणाऱ्यासाठी एकच आकडा हाती येतो : ८ लाख. प्रमाणित वजावट सोडून बाकीच्या सगळ्या वजावटींची बेरीज ८ लाखांच्या वर जात असेल तर जुनी प्रणाली घ्यावी, नसेल तर नवी. पगार ३० लाख असो की ४५, हा आकडा बदलत नाही.

आता ८ लाख गोळा करणे किती अवघड आहे ते पाहावे. ८० सीचे दीड लाख, राष्ट्रीय पेन्शन योजनेत (एनपीएस) स्वतः भरलेले ५० हजार, कुटुंबाच्या आरोग्य विम्याचे २५ हजार, ज्येष्ठ आईवडिलांच्या विम्याचे ५० हजार आणि गृहकर्जाच्या व्याजाचे २ लाख. सगळे मिळून पावणेपाच लाख होतात. उरलेले सव्वातीन लाख घरभाडे भत्त्यातून यायला हवेत. वर्षाचा मूळ पगार १८ लाख असेल, तर भरलेल्या भाड्यातून त्याचे १० टक्के, म्हणजे १ लाख ८० हजार, वजा होतात आणि उरेल तेवढीच सूट मिळते. म्हणजे भाडे महिन्याला ४२ हजारांच्या वर हवे. थोडक्यात, नाशिकला आईवडिलांसाठी फ्लॅट घेऊन त्याचे हप्ते फेडणारा आणि स्वतः मुलुंडला ४५ हजार भाडे भरणारा माणूस जुन्या प्रणालीत फायद्यात राहतो. तोही वर्षाला जेमतेम अकरा हजार रुपयांनी.

ज्यांची बेरीज तिथवर जात नाही, त्यांतले काही जण ती ओढूनताणून नेतात. रेव्हेन्यू स्टॅम्प लावलेल्या खोट्या भाडेपावत्या हा त्यातला जुना प्रकार. नवा प्रकार राजकीय पक्षांच्या देणग्यांचा. नोंदणी आहे पण निवडणुकीत नाव कधी ऐकू येत नाही, अशा एखाद्या पक्षाला चेकने देणगी द्यायची, कमिशन कापून बाकीची रक्कम रोखीत परत घ्यायची आणि विवरणपत्रात पूर्ण वजावट मागायची. १४ जुलै २०२५ रोजी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने अशा बोगस वजावटींविरुद्ध देशभरात १५० ठिकाणी तपासणी सुरू केली. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी सुधारित विवरणपत्रे भरून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे आपणहून मागे घेतले होते, असेही मंडळाने तेव्हा सांगितले. भागाकार केला तर माणशी साधारण २ लाख ६० हजार रुपये येतात. त्यावर ३० टक्के टप्प्यातला कर होतो उपकरासह ८१ हजार. उत्पन्नाची चुकीची माहिती दिल्याचे सिद्ध झाले, तर दंड कराच्या दुप्पट, म्हणजे १ लाख ६२ हजारांच्या घरात. व्याज वेगळेच. ज्याची नोकरी पार्श्वभूमी तपासणीवर उभी असते, अशा माणसाने ८१ हजारांसाठी एवढी जोखीम घेणे म्हणजे निव्वळ अडाणीपणा आहे, मग पदवी कुठलीही असो.

आईला भाडे देणे मात्र बेकायदा नाही. घर तिच्या नावावर असावे, मुलगा तिथे खरेच राहत असावा, भाडे दरमहा बँकेतून जावे आणि तिने ते आपल्या विवरणपत्रात दाखवावे. भाड्याच्या ३० टक्के वजावट तिलाही मिळते. वर्षाचे भाडे १ लाखाच्या वर गेले की घरमालकाचा पॅन द्यावा लागतो आणि महिन्याचे भाडे ५० हजारांच्या वर गेले की भाडेकरूनेच २ टक्के टीडीएस कापून भरायचा असतो. कागद खरा असेल तर या सगळ्याची भीती बाळगायचे कारण नाही.

खोट्या पावत्यांचे समर्थन होऊ शकत नाही, पण त्यामागची चिडचिड समजून घेण्यासारखी आहे. नोकरदाराचा कर पगार हातात पडण्याआधीच कापला जातो आणि पगार मिळवण्यासाठी केलेला खर्च त्याला वजा करता येत नाही. घरून काम करण्यासाठी घेतलेली खुर्ची, इंटरनेट, नवे कौशल्य शिकण्यासाठी भरलेली फी, सगळे त्या ७५ हजारांत बसवायचे.

शेजारच्या टेबलावर तेच काम करणारा सल्लागार घ्या. अभियांत्रिकी किंवा तांत्रिक सल्ला अशा ठरावीक व्यवसायांत असणाऱ्याला कलम ४४ एडीए लागू होते. वर्षाची जमा ७५ लाखांपर्यंत असेल आणि रोखीतला भाग ५ टक्क्यांच्या आत असेल, तर जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते. हिशेबवह्या ठेवायची गरज नाही. ५० लाख पगाराच्या कर्मचाऱ्याला नव्या प्रणालीत १० लाख ९९ हजार ८०० रुपये कर बसतो. ५० लाख फी घेणारा सल्लागार २५ लाख उत्पन्न दाखवतो आणि ३ लाख ४३ हजार २०० रुपये भरतो. फरक साडेसात लाखांचा.

हा फरक पाहून ‘मला पेरोलवरून काढा, कन्सल्टंट करा’ म्हणणाऱ्यांची संख्या कमी नाही. त्यांनी दुसरी बाजूही पाहावी. प्रॉव्हिडंट फंड जातो, ग्रॅच्युइटी जाते, गट आरोग्य विमा जातो, २० लाखांच्या वर जीएसटीची नोंदणी येते. शिवाय रोज त्याच कंपनीत, त्याच वेळेत, त्याच साहेबाच्या हाताखाली काम चालू असेल, तर प्राप्तिकर अधिकारी त्या फीला पगार म्हणू शकतो आणि मग सगळा डाव उलटतो. खरोखर चार ग्राहक असणाऱ्यासाठी हा मार्ग आहे. एका ग्राहकाच्या सल्लागाराने त्या वाटेला जाऊ नये.

मग पगारदाराच्या हाती सरळ, कायदेशीर असे उरते काय? नव्या प्रणालीत मोठी म्हणावी अशी एकच गोष्ट उरते, आणि जानेवारीच्या त्या गडबडीत तिचे नावही कुणी काढत नाही. कलम ८० सीसीडी (२). कंपनीने कर्मचाऱ्याच्या एनपीएस खात्यात भरलेली रक्कम मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या १४ टक्क्यांपर्यंत करपात्र उत्पन्नातून वजा होते. कंपनी आपल्या खिशातून वेगळे काही देत नाही. ठरलेल्या पॅकेजमधलीच रक्कम भत्त्याऐवजी एनपीएसमध्ये जाते. मूळ पगार १८ लाख असेल तर १४ टक्के म्हणजे २ लाख ५२ हजार. त्यावरचा वाचलेला कर ७८ हजार ६२४ रुपये, दरवर्षी. त्यासाठी पावती लागत नाही, एजंट लागत नाही, पोर्टलवर काही चढवावेही लागत नाही.

५० लाखांच्या आसपास पोचलेल्यांसाठी हिशेब आणखी तीव्र आहे. करपात्र उत्पन्न ५० लाखांच्या वर गेले की संपूर्ण करावर १० टक्के अधिभार बसतो. ५३ लाख करपात्र उत्पन्नावर अधिभार आणि उपकरासह १३ लाख ३८ हजार ४८० रुपये कर होतो. त्यातले ३ लाख एनपीएसमधून गेले आणि उत्पन्न बरोबर ५० लाखांवर आले, तर कर ११ लाख २३ हजार २०० रुपये. म्हणजे ३ लाख निवृत्तीसाठी बाजूला टाकले आणि २ लाख १५ हजारांचा कर टळला. इतका सरळ फायदा या देशाच्या करकायद्यात पगारदाराला दुसरीकडे सापडणार नाही.

अटी आहेत. कंपनीचा प्रॉव्हिडंट फंडातला वाटा, एनपीएस आणि सुपरॲन्युएशन मिळून वर्षाला साडेसात लाखांच्या वर गेले, तर वरची रक्कम करपात्र होते. १२ टक्के पीएफ आणि १४ टक्के एनपीएस धरले, तर मूळ पगार सुमारे २८ लाख ८५ हजारांवर ही मर्यादा गाठते. पैसे साठीपर्यंत बऱ्यापैकी अडकतात. साठीला काही हिस्सा पेन्शन योजनेत घालावाच लागतो. डिसेंबर २०२५ मध्ये बिगरसरकारी सदस्यांसाठी हा सक्तीचा हिस्सा ४० वरून २० टक्क्यांवर आणला गेला, पण २०२५-२६ मध्ये कायद्याच्या पुस्तकात करमुक्ती ६० टक्के रकमेलाच राहिली. तिशीतल्या माणसाला घराचे डाऊन पेमेंट जमवायचे असेल, तर त्याने करापायी इथे पैसे कोंडू नयेत. चाळिशीपुढच्याने मात्र ही सवलत सोडणे परवडणारे नाही.

नोव्हेंबरमध्ये आणखी एक बदल झाला. चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आणि त्यांच्या व्याख्येप्रमाणे वेतनाचा भाग एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या खाली ठेवता येत नाही. वर्षानुवर्षे ३०-३५ टक्के मूळ पगार आणि बाकी ‘स्पेशल अलाउन्स’ अशी रचना ठेवणाऱ्या कंपन्यांना पगाराची मांडणी बदलावी लागते आहे. मूळ पगार वाढला की हातात येणारी रक्कम घटणार, म्हणून नोकरदार वर्गात कुरकुर आहे. पण १४ टक्क्यांचा पायाही त्याच मूळ पगाराचा आहे. तो वाढला की एनपीएसमधून वाचणारा करही वाढतो. पगाराच्या रचनेची चर्चा कंपन्यांत चालूच आहे, तर हा मुद्दा टेबलावर ठेवण्याची वेळ हीच.

आणि इथेच या व्यवस्थेतला खरा अन्याय आहे. ही वजावट कर्मचाऱ्याच्या हातात नाही, कंपनीच्या हातात आहे. कंपनीने कॉर्पोरेट एनपीएस सुरू केले असेल तरच. तेच २ लाख ५२ हजार कर्मचाऱ्याने स्वतःच्या बँक खात्यातून, त्याच एनपीएसमध्ये, त्याच पॅनवर भरले, तर नव्या प्रणालीत वजावट शून्य. पैसा तोच, खाते तेच, कुलूपही तेच. फक्त रक्कम पेरोलमधून गेली की नाही, एवढ्यावर कर ठरतो.

‘तीस-चाळीस लाखवाल्यांची रड कशाला ऐकायची,’ असे कुणी म्हणेल. तर त्याने खालच्या पायरीवरचे उदाहरण घ्यावे. दोन मैत्रिणी, दोघींचा वर्षाचा पगार १३ लाख ७० हजार, मूळ पगार त्याच्या निम्मा. एकीची कंपनी एनपीएसची सोय देते. मूळ पगाराच्या १४ टक्के म्हणजे ९५ हजार ९०० आणि प्रमाणित वजावटीचे ७५ हजार वजा झाले, की तिचे करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत येते आणि कलम ८७ ए च्या सवलतीमुळे कर शून्य होतो. दुसरीची कंपनी लहान आहे, एचआर म्हणून अकाउंट्समधलेच कुणीतरी काम पाहते, एनपीएसचे नाव कुणी काढलेले नाही. तिचे करपात्र उत्पन्न १२ लाख ९५ हजार आणि कर ७७ हजार २२० रुपये. पगार सारखा, देश एक, कायदा एक. सरकारी नोकरांना कर्ता-करविता सरकारच असल्यामुळे हा प्रश्न पडत नाही. खासगी नोकरदारांना तर १० टक्क्यांवरून १४ टक्के मिळायलाच जुलै २०२४ चा अर्थसंकल्प उजाडावा लागला, आणि तेही कंपनी मनावर घेईल तेव्हा.

नव्या प्रणालीत सवलती नकोत, दर कमी आणि मांडणी सोपी हवी, हे सरकारचे म्हणणे पटण्यासारखे आहे. पॉलिसी विकण्यासाठी करकायदा वापरला जाऊ नये, हेही बरोबर. पण मग निवृत्तीची बचत एका दाराने करमुक्त आणि शेजारच्या दाराने करपात्र, याला सोपेपणा म्हणत नाहीत.

पगाराच्या रचनेतली बाकीची सवलत फुटकळ आहे, तिच्यावर फार वेळ घालवू नये. कंपनीच्या नावावर भाडेतत्त्वाने घेतलेली मोटार एवढाच एक अपवाद. १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनाची गाडी कंपनीच्या आणि घरच्या अशा दोन्ही वापरासाठी असेल आणि खर्च कंपनी करत असेल, तर २०२५-२६ च्या नियमांप्रमाणे महिन्याला १,८०० रुपये आणि चालक असल्यास आणखी ९०० रुपये एवढेच उत्पन्न धरले जाते. गाडी घ्यायचीच असेल तर हिशेब करून पाहावा. भाड्यात वित्तकंपनीचे व्याज आणि जीएसटी मिसळलेला असतो, त्यामुळे कर वाचवण्यासाठी गाडी घेणे शहाणपणाचे नाही.

पगाराबाहेरच्या पैशांत मात्र थोडी जागा आहे. शिल्लक पडलेल्या मुदतठेवींवर व्याजाला ३१.२ टक्के कर देणाऱ्यांनी घराकडे पाहावे. आईवडिलांना दिलेल्या पैशांवरचे उत्पन्न मुलाच्या उत्पन्नात धरले जात नाही. पत्नीला दिलेल्याचे धरले जाते. ३० लाखांच्या ठेवीवर ७ टक्क्यांनी २ लाख १० हजार व्याज. मुलाच्या नावावर त्याचा कर ६५ हजार ५२०, तर दुसरे उत्पन्न नसलेल्या आईच्या नावावर शून्य. पण दिले म्हणजे दिले. तो पैसा आईचा झाला. मृत्युपत्र नसेल तर उद्या त्यात भावाचा आणि बहिणीचाही वाटा असतो, आणि नॉमिनी म्हणून आपले नाव लावले म्हणून तो टळत नाही. करबचतीच्या नादात लागलेली घरातली भांडणे वकिलांच्या फीवरच मिटतात, तेव्हा मृत्युपत्राचा कागद त्याच दिवशी करून ठेवलेला बरा.

शेअर आणि इक्विटी म्युच्युअल फंडांच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यातले वर्षाला सव्वा लाख रुपये करमुक्त आहेत. ३१ मार्चपूर्वी तेवढा नफा विकून मोकळा करावा आणि हवे तर तेच युनिट पुन्हा घ्यावेत. १६ हजार २५० रुपये वाचतात.

दोन खड्डे इथेच सांगायला हवेत. पहिला फ्युचर्स आणि ऑप्शन्सचा. नोकरी करता करता ‘थोडंसं एफ अँड ओ’ करणाऱ्याचे ते उत्पन्न, नफा असो वा तोटा, धंद्याचे ठरते. निव्वळ पगारदार दरवर्षी विवरणपत्र भरताना जुनी की नवी प्रणाली हे नव्याने ठरवू शकतो. धंद्याचे उत्पन्न आले की ही मोकळीक जाते. एकदा जुनी घेऊन नवीकडे परतले, की पुन्हा जुनीकडे जाण्याचे दार सहसा बंद. दुसरा खड्डा अमेरिकी कंपन्यांच्या पुण्या-मुंबईतल्या कर्मचाऱ्यांचा. मूळ कंपनीचे शेअर हातात पडतात त्या दिवशीच्या किमतीवर पगार म्हणून कर कापला जातो, तेव्हा ‘कर भरला, विषय संपला’ असे वाटते. संपत नाही. विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ते शेअर दाखवावे लागतात. काळा पैसा कायद्यात न दाखवल्याचा दंड १० लाखांचा आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून बाकी परदेशी मालमत्ता एकूण २० लाखांपर्यंत असेल तर त्या दंडातून सूट मिळाली. सात-आठ वर्षे एकाच कंपनीत असलेल्या वरिष्ठांचे शेअर २० लाखांत मावत नाहीत.

जुन्या प्रणालीत राहणाऱ्यांची गोष्ट वेगळीच. तिथे सवलती आहेत, पण त्यांना बुरशी चढली आहे. ८० सीची दीड लाखाची मर्यादा अरुण जेटली यांच्या जुलै २०१४ च्या अर्थसंकल्पातली आहे. राहत्या घराच्या व्याजाची २ लाखांची मर्यादाही तेव्हाचीच. मालमत्तेच्या नफ्यासाठी सरकार स्वतः जो महागाई निर्देशांक जाहीर करते, तो २०१४-१५ मध्ये २४० होता आणि २०२५-२६ मध्ये ३७६ आहे. त्याच मापाने दीड लाखाचे आज २ लाख ३५ हजार आणि २ लाखांचे ३ लाख १३ हजार व्हायला हवे होते. मुलांच्या शिक्षणाच्या भत्त्याची सूट तर २०२५-२६ मध्येही दरमहा मुलामागे १०० रुपये, तीही दोनच मुलांसाठी. पुण्या-मुंबईत तेवढ्यात शाळेच्या बसचा एक दिवसही निघत नाही. घरभाडे भत्त्यात मूळ पगाराच्या ५० टक्क्यांपर्यंत सूट असणारी महानगरे २०२५-२६ पर्यंत फक्त मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई. पुणे, बेंगळुरू आणि हैदराबाद तोवर ४० टक्क्यांतच. बाणेरला घर शोधलेल्या कुणाला हे सांगून पाहावे.

एके काळी करांविषयी या राज्यात मोठ्याने बोलले जात असे. १९७३-७४ मध्ये अधिभार धरून प्राप्तिकराचा कमाल दर ९७.७५ टक्के होता, आणि कायदेपंडित नानी पालखीवाला दरवर्षी मुंबईत अर्थसंकल्पावर बोलायचे तेव्हा ब्रेबॉर्न स्टेडियम भरायचे. आज कमाल दर तसा नाही, तो काळ परत यावा असेही कुणी म्हणणार नाही. पण देशाच्या प्रत्यक्ष करांत सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राचा असताना इथला पगारदार १ फेब्रुवारीला मोबाइलवर टप्पे बघतो, एखादा विनोद पुढे ढकलतो आणि कामाला लागतो. व्यापाऱ्यांच्या संघटना अर्थसंकल्पाआधी निवेदने देतात, उद्योगांचे महासंघ अर्थमंत्र्यांना भेटतात. पगारदारांचे म्हणणे मांडणारी जागा कुठलीच नाही.

२०२६ च्या अर्थसंकल्पाचा दिवस रविवार, १ फेब्रुवारी. आणि १ एप्रिल २०२६ ही १९६१ च्या कायद्याच्या जागी प्राप्तिकर कायदा २०२५ लागू होण्याची तारीख. त्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत, भाषा सोपी आहे असे सांगितले जाते. कायदा नव्याने लिहिलाच आहे, तर एक ओळ वाढवणे अवघड नाही. कंपनीने एनपीएसमध्ये भरले नाही, तर कर्मचाऱ्याने स्वतः भरलेल्या रकमेला त्याच १४ टक्क्यांपर्यंत, त्याच साडेसात लाखांच्या मर्यादेत वजावट मिळावी. तिजोरीचे नुकसान होईल हे खरे, पण ज्या सवलतीचा हक्क सरकारने तत्त्वतः मान्य केला आहे, ती काहींनाच मिळते म्हणून ती स्वस्त पडते, हा काही युक्तिवाद नव्हे. निर्मला सीतारामन यांनी १२ लाखांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त करताना सुमारे एक लाख कोटींच्या महसुलावर पाणी सोडले होते. त्या हिशेबात ही दुरुस्ती मोठी ठरू नये.

ती होईपर्यंत वाचकांनी वाट पाहत बसू नये. मार्चमध्ये पॉलिसीच्या फॉर्मवर सही करण्याआधी आपण कोणत्या प्रणालीत आहोत ते पगाराच्या स्लिपवर पाहावे. आणि एप्रिलमध्ये नव्या वर्षाची पगाररचना ठरते त्याआधी एचआरला मेल पाठवून विचारावे, की आपल्या कंपनीत कॉर्पोरेट एनपीएस आहे का, आणि नसेल तर ते का नाही. मेल एकट्याने पाठवला तर उत्तर यायला वेळ लागेल. टीममधल्या सगळ्यांच्या नावाने पाठवावा.